अड्यारचा पूर आणि घरातील डिस्क : जादा प्रतीचा इतिहास

१ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नईवर कोसळलेल्या पावसाची मोजदाद दुसऱ्या दिवशी सकाळी झाली, तेव्हा तांबरम येथे चोवीस तासांत ४९ सेंटीमीटर पाऊस पडल्याची नोंद झाली होती. त्याआधीच्या एकट्या नोव्हेंबर महिन्यात शहरात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडून गेला होता आणि तळी तुडुंब भरली होती. चेंबरमबाक्कम जलाशयातून सोडलेले पाणी अड्यार नदीत उतरले आणि रात्रीतून कोट्टूरपुरम, सैदापेट, जाफरखानपेट या वस्त्यांच्या तळमजल्यांत शिरले. विमानतळ बंद पडला. १८७८ साली सुरू झालेले ‘द हिंदू’ हे वृत्तपत्र २ डिसेंबरला चेन्नईत छापले गेले नाही. स्थापनेपासून असे प्रथमच घडले.

पाणी ओसरल्यावर घराघरांतून एकच प्रश्न उभा राहिला : काय परत मिळेल आणि काय कायमचे गेले? पुरात भिजलेले पासपोर्ट विनामूल्य बदलून देण्याची घोषणा परराष्ट्र मंत्रालयाने केली. शाळा-महाविद्यालयांची प्रमाणपत्रे पुन्हा देण्याची व्यवस्था राज्य शासनाने केली. हे शक्य झाले, कारण त्या कागदांची मूळ नोंद अन्यत्र, दुसऱ्या दप्तरात सुरक्षित होती. मात्र टेबलाखाली जमिनीवर ठेवलेल्या संगणकाच्या डिस्कमध्ये जी छायाचित्रे होती, एखाद्या संशोधक विद्यार्थ्याची जी तीन वर्षांची निरीक्षणे होती, आजोबांच्या आवाजातले जे ध्वनिमुद्रण होते, त्यांची दुसरी नोंद कोणत्याही कार्यालयात नव्हती.

घरगुती फाइल सर्व्हर, म्हणजे घरातील सर्वांच्या फाइली एका ठिकाणी सांभाळणारी, अखंड चालू राहणारी छोटी यंत्रणा, उभारताना पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : डिस्क किती घ्याव्यात आणि त्यांची रचना कशी करावी? हा प्रश्न बहुधा किंमत आणि क्षमता यांच्या हिशेबाने सोडवला जातो. त्यामागचा इतिहास पाहिला, तर त्याचे खरे स्वरूप ध्यानात येते. जादा प्रत ठेवण्याची प्रत्येक पद्धत कोणत्या तरी एका विशिष्ट अपघातावरचा उपाय म्हणून जन्माला आली आहे. एका अपघातावरचा उपाय दुसऱ्या अपघातात कामाला येतोच असे नाही.

दगड, कागद आणि ओव्यांची मोजणी

चेन्नईच्या नुंगम्बाक्कम भागात, आजच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या आवारात, ग्रॅनाइटचा एक खांब उभा आहे. १७९२ साली ईस्ट इंडिया कंपनीने तेथे मद्रास वेधशाळा उभारली तेव्हा दुर्बीण पेलण्यासाठी तो रोवला गेला. वेधशाळेच्या स्थापनेचा लेख दगडावर कोरला गेला, तोही एका भाषेत नव्हे. त्यांत लॅटिन, तमिळ आणि तेलुगू या भाषा आहेत. भाषा नष्ट झाली किंवा वाचणारे उरले नाहीत, या अपघाताविरुद्ध केलेली ही तजवीज म्हणता येईल. दगड टिकला, वेधशाळा १९३१ पर्यंतच टिकली. मात्र तिथल्या ताऱ्यांच्या नोंदी वाचल्या त्या दगडामुळे नव्हेत. टी. जी. टेलर यांनी तयार केलेली अकरा हजारांहून अधिक ताऱ्यांची सूची १८४४ साली छापली गेली, तिच्या प्रती दूरदूरच्या वेधशाळांत पोहोचल्या आणि म्हणून ती उपलब्ध राहिली.

तंजावरच्या मराठी राज्यातही ही दोन्ही साधने दिसतात. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर भोसले कुळाचा विस्तृत इतिहास मराठीत कोरवून घेतला. त्याच राज्याचे दैनंदिन व्यवहार मोडी कागदांत लिहिले जात, रुमालांत बांधून ठेवले जात. दगडावर कोरलेले दीर्घकाळ राहते, पण त्यात रोज भर घालता येत नाही. कागदावर रोज लिहिता येते, पण वाळवी, ओल आणि आग यांच्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही. साधन निवडताना टिकाऊपणा आणि सोय यांची अशी ओढाताण प्रत्येक काळात राहिली आहे.

मराठी हस्तलिखितांच्या परंपरेला आणखी एक धोका चांगला ठाऊक होता. प्रत नष्ट होत नाही, ती हळूहळू बिघडते. लेखकाकडून एखादा शब्द बदलतो, एखादी ओवी गळते, पुढचा लेखक त्या चुकीची इमानाने नक्कल करतो. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत असे पाठभेद साचल्यावर एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. अनेक पोथ्यांत अध्यायाच्या शेवटी ओवीसंख्या लिहिण्याची प्रथा दिसते. तिचा उपयोग साधा आहे : मोजणी जुळली नाही, तर काही तरी गळले किंवा घुसले हे लगेच कळते. मात्र ओवी तीच राहून तिच्यातला शब्द बदलला, तर ही मोजणी ते पकडू शकत नाही. चारशे वर्षांनंतर संगणकशास्त्राला हाच प्रश्न पुन्हा सोडवावा लागला.

तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली गेली आणि तरली, ही कथा मराठी घरात सर्वांना माहीत आहे. ती श्रद्धेने ऐकणारा आणि चिकित्सेने ऐकणारा, दोघेही एक गोष्ट मान्य करतील : नदीत वह्या गेल्या त्या वेळी ते अभंग अनेकांच्या मुखी होते, आणि संताजी जगनाडे यांच्यासारख्यांच्या लेखनातूनही ते पुढे आले. प्रत पाण्याच्या आवाक्याबाहेर होती.

एका खोलीएवढ्या डिस्कपासून

चुंबकीय हार्ड डिस्कचा इतिहास १९५६ साली सुरू होतो. आयबीएमच्या ‘रॅमॅक’ संगणकासोबत आलेल्या डिस्क-यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांत ५० लाख अक्षरे मावत. वजन सुमारे एक टन. असे यंत्र बिघडले तर ते दुरुस्त करणारा अभियंता बोलावला जाई. त्याच्या शेजारी दुसरे तसेच यंत्र नुसते राखीव ठेवणे फार थोड्यांना परवडणारे होते. १९७६ साली टँडेम कंपनीने बँकांसारख्या ग्राहकांसाठी आणलेल्या ‘नॉनस्टॉप’ संगणकांत प्रत्येक नोंद दोन डिस्कांवर एकाच वेळी लिहिण्याची सोय होती. यालाच पुढे मिररिंग म्हटले जाऊ लागले. उद्देश नावातच होता : डिस्क बिघडली तरी बँकेचा व्यवहार थांबू नये. यानंतर १९७८ साली आयबीएमच्या नॉर्मन औची यांना एक पेटंट मिळाले. बिघडलेल्या साठवण-घटकातील माहिती उरलेल्या घटकांवरून पुन्हा उभी करण्याची पद्धत त्यात होती.

तोवर डिस्क लहान होऊ लागली होती. १९८० साली शुगार्ट टेक्नॉलॉजी या कंपनीने, जी पुढे सीगेट म्हणून ओळखली गेली, सव्वापाच इंची आणि ५ मेगाबाइट क्षमतेची डिस्क बाजारात आणली. वैयक्तिक संगणकांमुळे अशा लहान डिस्कांचे उत्पादन वाढले आणि किमती उतरल्या. मोठ्या संगणकांच्या महागड्या डिस्कऐवजी अशा स्वस्त डिस्कांचा जथा वापरता येईल का, हा प्रश्न साहजिकच पुढे आला.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली या प्रश्नावर शोधनिबंध सादर केला. ‘रेड’ हे नाव त्यातूनच आले; स्वस्त डिस्कांची जादा प्रतीसह केलेली मांडणी असा त्या आद्याक्षरांचा मूळ अर्थ. निबंधातले एक गणित विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावे असे आहे. एका लहान डिस्कचे सरासरी आयुष्य ३० हजार तास, म्हणजे तीन वर्षांहून थोडे अधिक, धरले होते. अशा १०० डिस्क एकत्र जोडल्या आणि त्यांतील कोणतीही एक बिघडल्यावर सगळी माहिती निकामी होणार असेल, तर त्या जथ्याचे सरासरी आयुष्य ३० हजार भागिले १००, म्हणजे ३०० तास होते. दोन आठवडेही नाहीत. स्वस्त डिस्कांचा जथा वेगवान होता, स्वस्त होता आणि त्या स्वरूपात अगदी निरुपयोगी होता.

त्यावरचा उपाय म्हणून जादा डिस्क आली. यातील ऐतिहासिक मर्म पुष्कळदा निसटते. ‘रेड’चा जन्म घरातील आठवणी जपण्यासाठी झालेला नाही, अनेक डिस्क एकत्र आणल्यामुळे जी नवी अविश्वसनीयता निर्माण झाली, तिची भरपाई करण्यासाठी तो झाला. ज्या घरात सर्व फाइली एका डिस्कवर मावतात, तेथे ही अडचण मुळात उद्भवतच नाही. तेथे दुसरी डिस्क कशासाठी हवी, याचे उत्तर नव्याने शोधावे लागते.

हरवलेला बिट परत कसा मिळतो

१९८८च्या निबंधात मांडणीचे पाच स्तर दिले होते. त्यांपैकी पहिला आणि पाचवा घरापर्यंत पोहोचले. पहिल्या स्तरात प्रत्येक गोष्ट दोनदा लिहिली जाते. पाचव्या स्तरात पॅरिटीचा, म्हणजे समतेचा, उपयोग होतो. समजा तीन डिस्कांवर अनुक्रमे १, ० आणि १ हे बिट आहेत. चौथ्या डिस्कवर असा बिट लिहायचा की एकूण १ची संख्या सम राहावी. येथे तो ० असेल. आता दुसरी डिस्क बिघडली. उरलेल्यांवर १, १ आणि ० दिसतात. १ची संख्या आधीच सम आहे, म्हणून हरवलेला बिट ० होता. कोट्यवधी बिटांसाठी हेच केले की संपूर्ण डिस्क परत उभी राहते. चार डिस्कांत एकीएवढीच जागा खर्च होते, आणि हेच या पद्धतीचे आकर्षण.

सहाव्या स्तरात पॅरिटीशिवाय आणखी एक स्वतंत्र बेरीज ठेवली जाते आणि कोणत्याही दोन डिस्क गमावूनही माहिती परत मिळते. अशा बेरजांमागे अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेल्या संकेतपद्धतीचे बीजगणित येते. ओरखडे पडलेली कॉम्पॅक्ट डिस्क वाजत असे, तीही याच पद्धतीच्या आधारे.

चार टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्या, तर पाचव्या स्तरात १२ टेराबाइट जागा मिळते. सहाव्या स्तरात ८ मिळते. दोन-दोनच्या मिरर जोड्या केल्या तरी ८च मिळते. शेवटच्या दोहोंत फरक असा की, सहाव्या स्तरात कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी चालते. जोड्यांमध्ये मात्र दोन डिस्क बिघडण्याच्या सहा शक्यतांपैकी चारच सुसह्य आहेत. एकाच जोडीतील दोन्ही गेल्या, तर माहिती गेली. असे असूनही जोडीची मांडणी अनेकांना रुचते, कारण बिघडलेली डिस्क बदलताना केवळ तिच्या सोबतिणीची नक्कल करावी लागते. इतर डिस्कांना त्रास होत नाही.

डिस्क मोठ्या होत गेल्या तसा हा मुद्दा गंभीर झाला. १६ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट या वेगाने सलग भरली, तरी ८० हजार सेकंद, म्हणजे बावीस तासांहून अधिक वेळ लागतो. घर या काळात वापरात असेल तर त्याहून जास्त. पाचव्या स्तरात तेवढा वेळ उरलेली प्रत्येक डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचली जात असते आणि एकही जादा प्रत शिल्लक नसते. सामान्य डिस्कांच्या माहितीपत्रकात १०० लाख कोटी बिटांमागे जास्तीत जास्त एक न वाचता येणारा बिट, अशी मर्यादा दिलेली असे. हे प्रमाण १२.५ टेराबाइटमागे एक असे पडते. चार टेराबाइटच्या उरलेल्या तीन डिस्क पूर्ण वाचायच्या म्हटल्यास १२ टेराबाइट होतात. प्रत्यक्षात डिस्क या मर्यादेपेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात. तथापि मोठ्या डिस्कांसाठी पाचवा स्तर टाळावा, हा सल्ला या हिशेबातून रूढ झाला.

गुणाकार केव्हा चालतो

जादा प्रतीचे सगळे गणित एका गृहीतकावर उभे आहे : डिस्कांचे बिघाड एकमेकांशी संबंधित नसतात. एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता ३ टक्के असेल, तर दोन्ही त्याच वर्षी बिघडण्याची शक्यता ०.०३ गुणिले ०.०३, म्हणजे दहा हजारांत नऊ. हा गुणाकार घटना स्वतंत्र असतील तरच करता येतो.

२००७ साली एकाच परिषदेत दोन अभ्यास प्रसिद्ध झाले आणि त्यांनी या श्रद्धेला धक्का दिला. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन (१९८८च्या निबंधाचे सहलेखक) यांना असे आढळले की, माहितीपत्रकांवरून वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क बदलाव्या लागाव्यात. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के हे प्रमाण सर्रास होते. शिवाय बदलाच्या घटना काळात एकत्र गोळा झालेल्या दिसल्या. गूगलच्या अभ्यासात एक लाखाहून अधिक डिस्क होत्या. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, तिच्यातील चार सर्वांत महत्त्वाच्या खुणांपैकी एकही खूण बिघडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कांत दिसली नव्हती. पूर्वसूचना येईलच, यावर विसंबता येत नाही, असा त्याचा अर्थ.

घरातील सर्व्हरमध्ये तर दोन डिस्क बहुधा एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून येतात. त्या एकाच पेटीत, एकाच वीजपुरवठ्यावर, एकाच उष्णतेत आयुष्य काढतात. अण्णा सालईलगतच्या रिची स्ट्रीटवर, जेथे चेन्नईचा इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार भरतो, जोडी घेणाऱ्याने दोन डिस्क वेगवेगळ्या कंपन्यांच्या किंवा निदान वेगवेगळ्या तारखांच्या उत्पादनाच्या घेतल्या, तर खर्च वाढत नाही आणि गुणाकार थोडा खरा ठरतो. अड्यारच्या पाण्याला मात्र हा गुणाकार लागू नाही. दोन डिस्क असोत वा आठ, पेटी बुडाली की सर्व एकत्र बुडतात.

पुराने डिस्कांच्या इतिहासात आणखी एकदा हस्तक्षेप केला होता. २०११ साली थायलंडमधील औद्योगिक वसाहती पाण्याखाली गेल्या. जगाच्या हार्ड डिस्क उत्पादनाचा मोठा भाग तेथे एकवटलेला असल्यामुळे किमती जगभर चढल्या आणि बराच काळ उतरल्या नाहीत. सर्व उत्पादन एका नदीच्या खोऱ्यात ठेवणे आणि सर्व प्रती एका पेटीत ठेवणे, या दोहोंत चूक एकाच प्रकारची आहे.

चेन्नईची हवा, चेन्नईची वीज

यंत्रसामग्रीची निवड स्थळावर अवलंबून असते. चेन्नईची उष्णता सर्वांच्या बोलण्यात येते; डिस्कच्या दृष्टीने दमटपणाकडे अधिक लक्ष द्यावे लागते. गूगलच्या उपरोक्त अभ्यासात मध्यम तापमान आणि बिघाड यांचा ठळक संबंध आढळला नव्हता. त्यानंतर २०१६ साली रटगर्स विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी नऊ डेटा सेंटरांतील नोंदी तपासल्या, तेव्हा सापेक्ष आर्द्रतेचा परिणाम तापमानाहून प्रबळ दिसला. ओलाव्यात डिस्कची नियंत्रक परिपथिका अधिक बिघडत होती. बंगालच्या उपसागराची खारी हवा खिडकीतून येणाऱ्या शहरात याचा व्यावहारिक अर्थ उघड आहे. सर्व्हर स्वयंपाकघराच्या किंवा न्हाणीघराच्या भिंतीलगत नसावा, समुद्राकडच्या उघड्या खिडकीपाशी नसावा आणि जमिनीवर तर नसावाच.

विजेचा प्रश्न त्याहून जुना. २०१२ साली तमिळनाडूत विजेची तीव्र टंचाई होती. चेन्नईत रोज दोन तास आणि जिल्ह्यांत त्याहून कितीतरी अधिक वेळ वीज जात असे. पॅरिटीच्या मांडणीला अचानक जाणारी वीज विशेष जाचक ठरते. माहिती लिहिली गेली आणि तिची पॅरिटी लिहिण्याआधी वीज गेली, तर दोहोंचा मेळ तुटतो. पुढे डिस्क बिघडल्यावर त्या चुकीच्या पॅरिटीवरून चुकीची माहिती उभी राहते. म्हणून यूपीएस हा चैनीचा भाग मानता येत नाही. त्याने घटकाभर वीज पुरवावी आणि वीज परतत नाही असे दिसताच सर्व्हरला स्वतः बंद होण्याचा संदेश द्यावा, एवढे पुरते.

सर्व्हर अखंड चालतो, त्यामुळे त्याची भूक मोजून घ्यावी. ४० वॅट घेणारी पेटी वर्षाला सुमारे ३५० युनिट खाते. १०० वॅट घेणारा जुना संगणक ८७६. जुना संगणक फुकट मिळाला तरी काही वर्षांत तो स्वस्त राहत नाही. चार-पाच माणसांच्या घराला वेगवान प्रोसेसर लागत नाही. त्याऐवजी स्मृतीतील चूक ओळखून सुधारणारी ईसीसी रॅम मिळाली तर घ्यावी. स्वतंत्र रेड कार्ड टाळावे, कारण ते बिघडल्यास त्याच जातीचे कार्ड शोधत फिरावे लागते. मांडणी सॉफ्टवेअरमध्ये असेल, तर डिस्क दुसऱ्या कोणत्याही संगणकाला जोडून वाचता येतात. डिस्क घेताना तिची मुद्रणपद्धतही विचारावी. कौलांसारखे एकावर एक पट्टे चढवून लिहिणाऱ्या डिस्क स्वस्त असतात, पण पुनर्बांधणीच्या वेळी त्यांची गती फार खालावते. २०२० साली अशा काही डिस्क घरगुती सर्व्हरसाठी म्हणून, ही बाब स्पष्ट न करता विकल्या गेल्याचे उघडकीस आले. ग्राहकांच्या ओरडीनंतर उत्पादकांनी याद्या प्रसिद्ध केल्या.

ताडून पाहणारी फाइल व्यवस्था

एकनाथांपुढे उभा असलेला प्रश्न मिररिंगने सुटत नाही. दोन डिस्कांवरील प्रती वेगळ्या दिसल्या, तर खरी कोणती? साधा मिरर हे सांगू शकत नाही. डिस्कने कोणतीही तक्रार न करता चुकीचा बिट परत दिल्याची उदाहरणे सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने २००७ साली हजारो संगणकांवर केलेल्या चाचण्यांत आढळली होती.

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी घडवलेली झेडएफएस ही फाइल व्यवस्था २००५ साली खुली झाली, ती यावरचे उत्तर घेऊन. प्रत्येक तुकड्याबरोबर त्याचा चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेली संख्या, वेगळ्या जागी ठेवली जाते आणि प्रत्येक वाचनात ती ताडून पाहिली जाते. ओवीसंख्येहून ही मोजणी कडक आहे. एक अक्षर बदलले तरी संख्या बदलते. एका डिस्कवरील प्रत जुळली नाही, तर व्यवस्था दुसऱ्या डिस्कवरील प्रत घेते आणि बिघडलेली सुधारते. घराच्या दृष्टीने दुसऱ्या डिस्कचा सर्वांत मोठा लाभ कदाचित हाच. डिस्क संपूर्ण बंद पडणे विरळा. मजकूर गुपचूप कुजणे कोणाच्या लक्षातही येत नाही.

तरीही एक अपघात उरतो. घरातील कोणी चुकून फोल्डर पुसले, किंवा मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’सारख्या खंडणीखोर प्रणालीने फाइली कुलूपबंद केल्या, तर मिरर ती आज्ञा दोन्ही डिस्कांवर तितक्याच तत्परतेने पाळतो. यावर उपाय म्हणजे ठरावीक वेळी घेतलेले, नंतर बदलता न येणारे टिपण, ज्याला स्नॅपशॉट म्हणतात, आणि सर्व्हरला जोडलेली नसलेली वेगळी प्रत.

दुसऱ्या घरातली प्रत

चेन्नईतील रोजा मुथय्या संशोधन ग्रंथालयाचा इतिहास येथे आठवण्याजोगा आहे. कोट्टैयूर येथील रोजा मुथय्या चेट्टियार यांनी स्वतःच्या घरात तमिळ पुस्तके, मासिके आणि इतर छापील साहित्य मिळून सुमारे एक लाख वस्तू जमवल्या. १९९२ साली त्यांचे निधन झाले. शिकागो विद्यापीठाच्या पुढाकाराने तो संग्रह एकत्रच राहिला, १९९४ साली चेन्नईत ग्रंथालय म्हणून उभा राहिला आणि जीर्ण कागदांच्या मायक्रोफिल्म घेण्याचे काम सुरू झाले. एका माणसाच्या घरातील ठेवा त्या माणसाच्या पश्चात वाचला, तो दुसऱ्या माध्यमात प्रती झाल्यामुळे आणि सांभाळणारे हात वाढल्यामुळे.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी डिजिटल छायाचित्रांच्या संदर्भात रूढ केलेला नियम हेच सूत्ररूपाने सांगतो : तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत घराबाहेर. चेन्नईच्या घरासाठी त्याचे रूप काटकसरीचे ठेवता येते. वेगवेगळ्या उत्पादनांतील दोन डिस्कांची मिरर जोडी, चेकसम ठेवणारी फाइल व्यवस्था, यूपीएस आणि पुराच्या रेषेहून उंच असा फळीवरचा कोपरा. चार डिस्कांची पेटी घेण्याचे पैसे असतील, तर त्यांतील दोन डिस्क घरातल्या पेटीत घालण्याऐवजी तिसरी-चौथी प्रत म्हणून तंजावरच्या, पुण्याच्या किंवा कोइम्बतूरच्या नातलगाकडे ठेवाव्यात. त्यांवरील मजकूर संकेतबद्ध करावा आणि परवलीचा शब्द घरातील किमान दोघांना माहीत असावा. तो एकालाच ठाऊक असला आणि तो माणूसच गेला, तर सुस्थितीतील डिस्कही बंद पेटी ठरते.

मैलापूर, त्रिप्लिकेन या भागांत आणि तंजावरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. अशा एखाद्या घरात पणजोबांच्या हातची मोडी पत्रे असतील आणि नातवाने ती स्कॅन करून सर्व्हरवर ठेवली असतील, तर वाचणारे डोळे दुर्मीळ झालेल्या त्या लिपीचा एक दुवा त्या पेटीत आहे. स्कॅन झाले म्हणून मूळ पत्र टाकून देऊ नये. कागदाने दोनशे वर्षे काढली आहेत. कोणत्याही डिस्कने अद्याप तेवढी काढलेली नाहीत.

शेवटी कसोटी उरते ती परत मिळवण्याची. जी प्रत कधी उघडून पाहिलेली नाही, तिच्याविषयी फक्त आशा बाळगता येते. वर्षातून एकदा बाहेरगावची डिस्क आणावी, कोऱ्या संगणकाला जोडावी, दहा फाइली उघडून पाहाव्यात आणि मुळाशी ताडाव्यात. तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस साधारण २० ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो. त्याच्या आगेमागे खंडेनवमी येते, जिला तेथे आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी चेन्नईतील कारखान्यांत यंत्रांना, रस्त्यांवर रिक्षांना आणि घरोघरी संगणकांनाही गंध-कुंकू लागते. डिसेंबरचे पाणी येण्याआधी प्रती तपासायला तो दिवस सोयीचा आहे.